आरशातून निघालेली सावली

गोंदिया शहराला लागून कुडवा नावाचे गाव आहे. या भागात पावसाळा आला, की धानाच्या बांध्या पाण्याने काठोकाठ भरतात आणि शेताकडे जाणारी मुले धुऱ्याधुऱ्याने वाट काढू लागतात. मध्येच एखादा धुरा फुटलेला असतो आणि त्यातून पाणी खळाळत असते. अशा ठिकाणी मूल क्षणभर थांबते. अंतर किती आहे, पलीकडची कड घट्ट आहे की भुसभुशीत, उभ्याने उडी पुरेल की मागे जाऊन धावत यावे लागेल, की वळसा घालून दुसऱ्या धुऱ्याने जाणेच बरे, याचा हिशेब ते मनातल्या मनात करते. हा हिशेब त्याला कोणी पाठ करून घेतलेला नसतो. एकदोनदा पाय चिखलात रुतला, की तो आपोआप येतो.

संगणकावर किंवा भ्रमणध्वनीच्या पडद्यावर खेळल्या जाणाऱ्या व्हिडिओ गेममध्ये एक प्रकार नेमका याच हिशेबावर उभा आहे. त्याला पझल-प्लॅटफॉर्म खेळ असे म्हणतात. पझल म्हणजे कोडे. प्लॅटफॉर्म हा शब्द तर गोंदिया जंक्शनवर रेल्वेची वाट पाहिलेल्या प्रत्येक मुलाच्या परिचयाचा आहे. उभे राहण्यासाठी बांधलेली उंच, सपाट जागा, एवढाच त्याचा अर्थ. या खेळातील पात्र एका उंचवट्यावरून दुसऱ्यावर उड्या मारीत जाते. परंतु केवळ चपळाईने त्याचे भागत नाही. दार कोणत्या कळीने उघडेल, कोणती फरशी खचेल, आधी कोणते काम करावे व नंतर कोणते, हे ओळखावे लागते. पायांना उडी आणि बुद्धीला कोडे अशी दुहेरी कसोटी येथे लागते.

अशा खेळाचे जे भाग पाडलेले असतात, त्यांतील एकेका भागाला लेव्हल म्हणजे टप्पा म्हणतात. एक टप्पा पार केल्यावाचून पुढचा खुला होत नाही. ही कल्पना आपल्याकडे अगदीच अपरिचित नाही. ठिकरीच्या खेळात एकेक घर जिंकत पुढे जावे लागते. सापशिडीचा पूर्वज जो मोक्षपट, त्यात तर घराघराला अर्थ होता. सद्गुणांच्या घरातून शिडी वर चढे, दुर्गुणांच्या घरातून साप खाली ओढी आणि पटाच्या माथ्यावर मोक्षाचे घर असे. पट मांडणाऱ्याला खेळाच्या निमित्ताने काही सांगावयाचे होते. मात्र मोक्षपटात सोंगटी कोठे पडेल, हे दानावर अवलंबून असते. खेळणाऱ्याची बुद्धी तेथे काही करू शकत नाही. पझल-प्लॅटफॉर्म खेळात दान नसते. जे घडते ते खेळणाऱ्याच्या निर्णयाने घडते. त्यामुळे टप्पा रचणाऱ्याला आपले म्हणणे शिडीसापांतून न सांगता खेळणाऱ्याच्या कृतीतूनच वदवून घ्यावे लागते. ही कला कशी साधते, हे पाहण्यासाठी ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ या खेळाचे उदाहरण फार उद्बोधक आहे.

हा खेळ जॉर्डन मेकनर या अमेरिकन तरुणाने रचला. १९८५ मध्ये येल विद्यापीठातून बाहेर पडल्यावर त्याने हे काम हाती घेतले आणि १९८९ मध्ये ब्रॉडरबंड या कंपनीने ते ॲपल-टू या संगणकासाठी प्रसिद्ध केले. कथेसाठी त्याने अरबी सुरस कथांचा आधार घेतला. याच कथा एकोणिसाव्या शतकात कृष्णशास्त्री चिपळूणकर यांनी मराठीत आणण्यास आरंभ केला होता. मेकनरची कथा अशी: सुलतान लढाईवर गेला असता जाफर नावाचा दुष्ट वजीर सत्ता बळकावतो. तो राजकन्येला कैदेत टाकून बजावतो, की एका तासात माझ्याशी विवाहाला संमती दे, नाहीतर मरणाला सिद्ध हो. तिच्यावर प्रेम करणारा एक परदेशी तरुण तळघरात कोंडलेला आहे. त्याने तळघरातून निघून राजवाड्याच्या मनोऱ्यापर्यंत पोहोचावयाचे आहे. टप्पे बारा आणि वेळ साठ मिनिटे. नायक पडला किंवा मेला, तर तो टप्पा पुन्हा आरंभापासून खेळता येतो; परंतु गेलेला वेळ परत मिळत नाही. चूक करण्यास मुभा आहे, पण चूक फुकट मात्र नाही.

नायकाची हालचाल खऱ्या मनुष्यासारखी दिसावी, असा मेकनरचा ध्यास होता. त्याने आपला धाकटा भाऊ डेव्हिड याला पांढरे कपडे घालावयास लावून धावताना, उडी मारताना, काठाला लोंबकळून वर चढताना त्याचे चित्रण केले. मग त्या चित्रफितीतील एकेक चित्र थांबवून त्याची आकृती गिरवून घेतली आणि त्या आकृती संगणकात भरल्या. तलवारीच्या द्वंद्वासाठी त्याने रॉबिन हूडवरील १९३८ च्या एका चित्रपटातील प्रसंग असाच गिरवला. खेळाचे संगीत त्याच्या वडिलांनी रचले. एका घराने जणू मिळून हा खेळ उभा केला.

आता त्यातील टप्प्यांची रचना पाहावी. प्रत्येक टप्प्यात जास्तीत जास्त चोवीस दालने. एका वेळी पडद्यावर एकच दालन दिसते. प्रत्येक दालनात तीन मजले आणि प्रत्येक मजल्यावर दहा फरशांची जागा. एवढ्या चौकटीत सारे रहस्य बसवावयाचे. पहिल्या टप्प्यात नायकाजवळ तलवारही नसते. तो चालू लागतो, तोच एखादी फरशी पायाखाली खडखडते आणि खाली कोसळते. त्यायोगे खेळणाऱ्याला कळते, की सगळ्या फरशा भरवशाच्या नाहीत. दुसऱ्या एका फरशीवर पाय पडताच जवळचा जाळीचा दरवाजा वर सरकतो आणि थोड्या वेळाने हळूहळू खाली येऊ लागतो. त्यावरून कळते, की काही फरशा म्हणजे कळा आहेत आणि दार उघडल्यावर रेंगाळून चालणार नाही. एक मजला उतरल्यास इजा होत नाही. दोन मजले पडल्यास प्राणशक्तीचा एक अंश जातो. तीन मजले पडल्यास मृत्यू ठरलेला. यांपैकी एकही नियम पडद्यावर लिहिलेला नसतो. पुढे पहारेकरी वाट अडवून उभा असतो आणि निःशस्त्र नायकाचे त्याच्यापुढे काही चालत नाही. तेव्हा खेळणारा मागे फिरतो, इतर दालने धुंडाळतो आणि त्याला तलवार सापडते. पुढे जाण्याचा मार्ग कधीकधी मागे असतो, हा या टप्प्याचा पहिला धडा होय.

चांगल्या टप्प्याची ही खूण आहे. तो शिक्षकाप्रमाणे बोलत नाही, तर परिस्थिती अशी मांडतो, की शिकल्यावाचून गत्यंतर राहू नये. नवा धोका प्रथम सौम्य रूपात दाखवावा, मग तोच थोडा कठीण करावा आणि शेवटी दोन ओळखीच्या धोक्यांची सांगड घालावी, असा त्याचा क्रम असतो. केवळ खचणारी फरशी सोपी. खचणाऱ्या फरशीच्या पुढे सरकते पाते असले, की तीच अवघड होते. गणिताच्या पुस्तकात उदाहरणांचा क्रम लावताना जी दृष्टी लागते, तीच येथेही लागते.

तथापि बराच काळ या खेळात एक उणीव होती. त्यात पळणे आणि उड्या मारणे होते, पण झुंज देणारा प्रतिस्पर्धी नव्हता. टोमी पिअर्स या सहकारी स्त्रीने मेकनरजवळ लढाईचा आग्रह धरला. मेकनरची अडचण निराळीच होती. त्या ॲपल-टूची स्मृती होती अवघी १२८ किलोबाइट. आजच्या भ्रमणध्वनीने काढलेल्या एका छायाचित्राला याच्या कित्येक पट जागा लागते. नायकाच्या हालचालींची चित्रे भरताभरताच ती स्मृती संपत आली होती. दुसऱ्या योद्ध्यासाठी नवी चित्रे ठेवावयाची कोठे?

अडचणीतून जो मार्ग निघाला, तोच या खेळाचा प्राण ठरला. नवी चित्रे ठेवण्यास जागा नाही, तर नायकाचीच चित्रे दुसऱ्यासाठी का वापरू नयेत? संगणकात चित्र म्हणजे शून्य आणि एक या अंकांच्या रांगा असतात. मेकनरने नायकाचे चित्र अगदी किंचित, एकाच अंकाइतके, बाजूला सरकवले आणि मूळ चित्राशी ताडून पाहिले. जेथे दोन्ही चित्रांत अंक सारखे, तेथे काळोख ठेवला. जेथे निराळे, तेथे प्रकाश ठेवला. पडद्यावर केवळ कडा लकाकणारी एक झगमगती, भुतासारखी आकृती उभी राहिली. ती नायकासारखीच धावत होती, नायकासारखीच उडी मारीत होती. आणि तिच्यासाठी नव्या चित्रांची गरजच उरली नव्हती. अशी ही सावली जन्मास आली. तिची करामत पाहिल्यावर मेकनरने आणखी जागा वाचवण्याच्या युक्त्या शोधल्या आणि तलवारधारी पहारेकऱ्यांनाही खेळात स्थान मिळाले.

पण सावली आली म्हणजे ती आली कोठून, हे सांगणे प्राप्त होते. त्यासाठी चौथा टप्पा रचला गेला. या टप्प्यात नायक बरीच खटपट करून बाहेर जाण्याचे दार उघडतो आणि परत फिरतो. पाहतो तो जाताना मोकळी असलेली वाट आता एका मोठ्या आरशाने अडवलेली! त्यात त्याचे स्वतःचे प्रतिबिंब उभे असते. दुसरा रस्ता नाही. कळ नाही, किल्ली नाही. तलवारीचा उपयोग नाही. खेळणारा चक्रावून जातो. आतापर्यंत शिकलेल्या गोष्टींपैकी एकच शिल्लक राहते, ती म्हणजे धावत येऊन घेतलेली उडी. नायक आरशावर झेप घेतो आणि आरपार निघून जातो. पण त्याच क्षणी त्याचे प्रतिबिंब आरशातून सुटून उलट दिशेला पळते. नायकाची प्राणशक्ती एकाच अंशावर येते. जणू त्याच्यातील निम्मा जीव निघून गेला!

पुढच्या टप्प्यांत ही सावली त्याला सतावू लागते. पाचव्या टप्प्यात शक्ती देणाऱ्या औषधाची कुपी समोर दिसत असते. नायक पोहोचण्यापूर्वीच सावली येऊन ती पिऊन टाकते. सहाव्या टप्प्यात नायक दरीवरून झेप घेऊ पाहतो, तोच सावली पलीकडची कळ दाबून दार बंद करते आणि तो खाली कोसळतो. खेळणाऱ्याच्या मनात तिच्याविषयी राग साठत जातो. आता ही भेटली, की हिला सोडावयाची नाही, असा निश्चय तो करतो. टप्पे रचणाऱ्याला नेमके हेच हवे असते.

बाराव्या टप्प्यात, मनोऱ्याच्या उंचीवर, ती भेटते. सावली तलवार उपसते आणि नायकही उपसतो. अकरा टप्प्यांत एकेका पहारेकऱ्याला हरवून खेळणाऱ्याचा हात तयार झालेला असतो. तो वार करतो आणि वार अचूक लागतो. पण काय आश्चर्य! सावलीची प्राणशक्ती एका अंशाने कमी होते, त्याच क्षणी नायकाचीही एका अंशाने कमी होते. तो आणखी त्वेषाने लढतो, सावली मरते आणि तिच्याबरोबर नायकही मरून पडतो. टप्पा पुन्हा आरंभापासून सुरू होतो. घड्याळाचे काटे मात्र पुढेच सरकत असतात आणि तिकडे राजकन्येचा तास संपत आलेला असतो.

येथे खेळणाऱ्यापुढे खरे कोडे उभे राहते. अधिक जोराने मारावे काय? अधिक वेगाने? या दोन्ही वाटा मृत्यूकडेच जातात. मग कोणाला तरी आठवते, की ही आरशातून निघाली होती. ही परकी नाही. हे आपलेच प्रतिबिंब आहे. खेळणारा तलवार म्यान करतो. समोर सावलीही तलवार म्यान करते. नायक तिच्याकडे चालत जातो, तीही त्याच्याकडे येते आणि दोघे एकमेकांत मिसळून एक होतात.

त्यानंतर आणखी एक परीक्षा येते. पुढे पोकळी दिसते. पलीकडे जाण्यास पूल नाही. पण आता नायक निःशंक मनाने धावू लागला, तर त्याच्या पावलागणिक पायाखाली फरशी प्रकट होत जाते. जो स्वतःशी भांडत होता, त्याला ही वाट मिळत नव्हती; जो स्वतःशी एक झाला, त्याला ती मिळाली. त्यापुढे जाफरशी शेवटचे द्वंद्व होते आणि कथा सुफळ होते.

हे कोडे थोर का म्हणावयाचे? ते अवघड आहे म्हणून नव्हे. उत्तर लपवून ठेवून कोडे अवघड करणे फारसे कठीण नाही. घरोघरी घातल्या जाणाऱ्या उखाण्यांचा नियम असा, की उत्तर उखाण्यातच दडलेले असावे आणि ते कळल्यावर ऐकणाऱ्याने म्हणावे, ‘अरे, हे तर डोळ्यांसमोरच होते!’ बाराव्या टप्प्यात तसेच घडते. आरसा दाखवलेला आहे. सावलीची प्रत्येक हालचाल नायकाचीच आहे, हेही दिसते. तिला दिलेला घाव आपल्याला लागतो, हेही पहिल्याच वाराला कळते. काहीही लपवलेले नाही. खेळणाऱ्याला अडवते ती केवळ त्याची स्वतःची सवय. जी तलवार अकरा टप्पे उपयोगी पडली, तीच आता म्यान करावी, हे सुचणे कठीण जाते. शिकलेली गोष्ट कोठे वापरावी, हे पहिले टप्पे शिकवतात. ती कोठे वापरू नये, हे शेवटचा टप्पा शिकवतो.

ॲपल-टूवर हा खेळ आरंभी फारसा खपला नाही. तो संगणकच तेव्हा जुना होत चालला होता. पुढे १९९० नंतर इतर यंत्रांसाठी त्याच्या आवृत्त्या निघाल्या आणि तो जगभर पसरला. त्या दशकात महाराष्ट्रात जे संगणक आले, त्यांवरही तो आवडीने खेळला गेला. खेळाची मूळ आज्ञावली मात्र हरवली होती. २०१२ मध्ये मेकनरच्या वडिलांना जुन्या चकत्यांची एक पेटी सापडली. जाणकारांच्या साहाय्याने त्या चकत्यांवरील मजकूर वाचता आला आणि मेकनरने तो सर्वांना पाहण्यासाठी खुला केला. एका तरुणाने थोड्या जागेत एवढे जग कसे बसवले, हे आता कोणालाही तपासून पाहता येते.

असे खेळ रचण्याचे काम आता महाराष्ट्रातही होते. पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने २०२० मध्ये ‘राजी’ नावाचा खेळ प्रसिद्ध केला. त्यात राजी ही डोंबाऱ्यासारखे कसरतीचे खेळ करणारी मुलगी असून असुरांनी पळवून नेलेल्या गोलू या आपल्या धाकट्या भावाचा ती शोध घेते. भिंतीवरून धावणे, खांबांवरून झेपावणे यांबरोबरच चित्राचे फिरते तुकडे जुळवून वाट मोकळी करणे, अशी कोडीही त्यात आहेत. मध्ययुगीन राजस्थानातील वाड्यांची घडण आणि पहाडी चित्रशैलीचे रंग त्यातील दालनांना लाभले आहेत. तळघर पर्शियाचे असो की वाडा राजस्थानी धाटणीचा, टप्पा रचण्याचे शास्त्र तेच आहे.

या शास्त्राचा आरंभ करण्यास यंत्र लागत नाही. चौकटीची वही, पेन्सिल आणि खोडरबर एवढी सामग्री पुरते. वहीत तीन ओळी आणि दहा रकाने आखले, की एक दालन तयार होते. त्यात कोठे धुरा, कोठे पाणी, कोठे खचणारी कड, कोठे दार आणि कोठे त्याची कळ, हे ठरवावे. मग ते दालन शेजारच्या मित्रापुढे ठेवून त्याला बोटाने वाट काढावयास सांगावे आणि आपण गप्प बसावे. तो जेथे अडेल, तेथे रचना तपासावी. तो विचार करून अडला असेल, तर कोडे चांगले आहे. त्याला काही दिसतच नाही म्हणून अडला असेल, तर दोष रचणाऱ्याचा आहे. गप्प राहून दुसऱ्याला शिकू देणे, हे या कामातील सर्वांत अवघड अंग होय. कुडव्याच्या शिवारात धुरे ओलांडणाऱ्या मुलांजवळ उडीचा हिशेब मुळातच असतो. तो वहीवर उतरवला, की टप्प्याची पहिली रेघ ओढली गेली असे समजावे.